न आणि ग यांच्यामधला काना

"आजी, कसला साप होता? नाग का घोणस?" डॉक्टरनं विचारलं, आणि देगलूरच्या दवाखान्यात खाटेची लोखंडी दांडी धरून उभी असताना मला कळलं, की माझा नवरा काल दुपारपासून काय ओरडत होता.

खाटेवर माझी धाकटी जाऊ होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन टिंबं, टाचणी टोचल्यासारखी. हात मनगटापर्यंत सुजला होता. पापण्या खाली यायला लागल्या होत्या आणि ती त्या डाव्या हाताच्या बोटानं वर उचलून माझ्याकडं बघत होती.

"अक्का, तू दोन-दोन दिसून राहिलीस," ती म्हणाली.

डॉक्टर कोवळा होता, घाईत होता. "बघितला का कुणी?"

"मालकांनी बघितला."

"मग काय म्हणाले ते?"

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग मी म्हणाले, "तुम्ही आता म्हणालात तेच."

"घोणस?"

"न्हाई. त्याच्या आधीचं."

औषध भरणारी सिस्टर आमच्याच भागातली असावी. मागं वळूनही न बघता ती म्हणाली, "आजी, तुमचा सासरा इथं बसलेला न्हाई. नाव घ्या."

मी तरी घेतलं नाही. नाग ना, असं त्यानं विचारल्यावर नुसती मान डोलावली. डॉक्टरनं काय ते कागदावर लिहिलं आणि सलाइन चालू केली. औषध सगळ्या विषारी सापांना एकच असतं, असं नंतर मुलानं मला सांगितलं. म्हणजे माझ्या तिथल्या अडखळण्यानं तिचं काही बिघडलं नाही. बिघडायचं ते अंगणातच बिघडून गेलं होतं.

आता हे सुरुवातीपासून सांगते.

माझं माहेर लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळच्या बाजूला. चौथीपर्यंत शाळा झाली. सोळाव्या वर्षी देगलूर तालुक्यातल्या या गावात दिली. दुसऱ्याच दिवशी सासूनं चुलीपुढं बसवून सांगितलं, "तुझ्या सासऱ्याच्या नावातला शब्द या घरात बाईच्या तोंडून निघायचा न्हाई." सासऱ्याचं नाव त्या फडीवाल्या जनावरावरून होतं. पुढं लोक जोडतात तसं एक शेपूट होतं, ते मी इथंही लिहीत नाही. न एकटा चालायचा, ग एकटा चालायचा. मधे काना देऊन दोघं शेजारी आले की शब्द बाद.

त्यामुळं आमच्या घरात नागपंचमी नव्हती, नुसती पंचमी होती. पोर नागडं नसायचं, उघडं असायचं. नागपूरला संत्र्याचं गाव म्हणायचं. नांगरावर मात्र वाद झाला. शेतकऱ्याच्या घरात नांगर न म्हणता भागायचं कसं? सासूनं दोन दिवस विचार करून निकाल दिला, की त्यात आवाज नाकातून येतो, तेव्हा तो चालेल. जनावराला आम्ही लांबडं म्हणायचो. कुणाला चावलं तर पान लागलं म्हणायचो. तेवढं सगळ्याच गावात म्हणतात, म्हणून आम्हाला वेगळं वाटायचं नाही.

धाकटी जाऊ मागून आली. ती धर्माबादकडची, तिची आई तेलुगू बोलणारी. तिनं लांबडं म्हणायच्या ऐवजी पामू म्हणायला सुरुवात केली. तेलुगूत सापाला तसंच म्हणतात. सासू म्हणाली, "हे बरं हाय, याला सासरा लागत न्हाई."

एकदा जावेच्या कमरेवर पुरळ उठलं, पट्ट्यासारखं, आगीची आग. त्याला सगळे नागीण म्हणतात. आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? ती मला कोपरानं ढोसते, मी तिला. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पामूची बायको झालीया." तो माणूस हसून हसून खुर्चीत मागं गेला. आम्ही येताना एसटीत हसत होतो. लोक बघत होते.

सासरा जाऊन तीस वर्षं झाली, सासू जाऊन वीस. अडवणारं कोणी राहिलं नव्हतं. पण एखादा शब्द पन्नास वर्षं बोलला नाही, की तो नुसता जिभेवरून जात नाही, डोक्यातूनही जातो. मी तो शब्द टाळत नव्हते. तो माझ्याकडं नव्हताच. हे मला त्या खाटेपाशी समजलं. शाळेत असताना मी तो पाटीवर लिहिला असणार, कारण चौथीपर्यंत सगळेच लिहितात. मला ते आठवत नाही.

मालकांना लकवा झाला त्याला तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. मुलगा लातूरला असतो. त्यानं तीन महिने तिकडं ठेवून घेतलं. तिथं बोलायला शिकवणारी एक बाई होती. तिनं त्यांच्यापुढं मुळाक्षरांचा तक्ता धरला. डाव्या हाताच्या बोटानं ते अक्षर दाखवायचे. मग ती मला म्हणाली, "आजी, अक्षर ते दाखवतील, शब्द तुम्ही शोधायचा. त्या अक्षरांचे जेवढे शब्द येतील तेवढे एकेक करून म्हणा. काना, मात्रा, वेलांटी ते दाखवू शकत नाहीत. त्या तुम्ही सगळ्या लावून बघायच्या. आणि आपल्या मनातलं त्यांच्या तोंडी घालू नका."

मी म्हणाले, "चौथी शिकलेल्या बाईला हे जमंल का?"

"चौथीपर्यंतच लागतं," ती म्हणाली.

तो तक्ता घेऊन आम्ही गावी आलो. जाऊ तोवर विधवा झाली होती आणि तिची मुलगी सासरी गेली होती, तेव्हा घरात आम्ही तिघंच. संध्याकाळी ओसरीवर आमचा हा उद्योग चालायचा. च आणि ह म्हणजे चहा, ते लहान पोरालाही कळेल. एकदा त्यांनी ब दाखवला, मग ड. मी सुरू झाले. बेडूक? बेडी? बडगा? बुडाला? ते नाही म्हणून मान हलवत राहिले. मी वैतागले. "बडबड? मी बडबड करून राहिले, असं म्हणायचंय का?"

जाऊ आतून पदर तोंडाला लावून बाहेर आली. "अक्का, बिडी मागून राहिलेत."

मालक हसले. लकव्यानंतरचं त्यांचं हसणं म्हणजे अर्धं तोंड हसायचं.

"ती मिळायची न्हाई," मी म्हणाले.

या कामात ती माझ्याहून हुशार होती. माझे शब्द तुटपुंजे पडायचे तिथं तिला तेलुगूतले आठवायचे. हळूहळू त्यांना दोन-तीन अक्षरं तोंडानंही यायला लागली. न यायचा, ग यायचा, कधी म. वाकड्या तोंडातून सगळं एकाच मापाचं यायचं, लहान-मोठं काही नाही. त्यातून पहिला आलेला शब्द होता नग. आमच्याकडं नको म्हणायला नगं म्हणतात. भात वाढू? नग. उन्हात बसवू? नग. आम्हाला दोघींना लई आनंद झाला, की माणूस निदान नको म्हणायला तरी लागला.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी रेशन आणायला गेलो होतो. ते ओसरीवर बाजेवर होते. त्यांच्या समोर अंगण, अंगणाच्या त्या टोकाला अंघोळीचं पाणी तापवायची चूल, आणि चुलीला लागून गोवऱ्यांचा ढीग. गॅस घरात आहे, पण अंघोळीच्या पाण्याला गॅस कोण जाळतो. आम्ही परत आलो तर त्यांच्या कपाळावर घाम, आणि लागले ओरडायला, "नग! नग!"

"काय नगं?" मी म्हणाले. "अजून काही दिलंच न्हाई तर."

डावा हात उचलून चुलीकडं दाखवायला लागले. जाऊ म्हणाली, "अंघोळ नगं म्हणून राहिलेत. आज तिसरा दिवस हाय, दादा. वास यायलाय तुमचा."

मी भाकरी कुस्करून आणली. "नग," म्हणाले आणि तोंड उघडून खाल्ली. मला हसू आलं. नको म्हणायचं आणि खायचं. मी म्हणाले, "तुम्हीच एक नग हाव."

संध्याकाळी ते तक्त्याकडं बोट दाखवत राहिले. मी तक्ता धरला. बोट 'न'वर गेलं, तिथून 'ग'वर. पुन्हा न, पुन्हा ग.

मी शोधायला लागले. नग. नगर? नगारा? नगद?

जाऊ म्हणाली, "सोनाराकडचा नग असंल. दादा, सासूबाईच्या पाटल्या आठवल्या का?"

ते मान हलवत राहिले.

"नांगर?" मी म्हणाले.

आणि ते थांबले. डोळे मोठे करून माझ्याकडं बघत राहिले, जवळ आलीस असं सांगितल्यासारखे. मान होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती. मी विचारलं, "नांगराचं काय? विकू नगं म्हणता का?"

"नांगर हाय कुठं आता," जाऊ म्हणाली. "सगळं ट्रॅक्टरनं व्हतंय. अक्का, जाऊ दे. डोकं शिणलंय त्यांचं."

त्यांनी हात तक्त्यावर असा मारला, की कोपरा फाटला. मी रागावले. लातूरवरून आणलेली वस्तू. तक्ता गुंडाळून फळीवर ठेवून दिला आणि म्हणाले, "आता उद्या."

नगर म्हणताना मी काना लावला नाही. नगारा म्हणताना ग ला लावला, र ला लावला. नांगर म्हणताना न ला लावला, वर टिंबही दिलं. म्हणजे काना कुठं लावायचा ते मला येत होतं. एका ठिकाणी लावला नाही. माझ्याशेजारी बसलेल्या तिनंही लावला नाही, कारण तिलाही त्याच चुलीपुढं बसवून शिकवलं होतं. दोन बायका आणि एक आजारी माणूस. शब्द एकाच्याच डोक्यात, आणि त्याला तोंड नाही.

सकाळी मी ठरवलं, की आज अंघोळ घालायचीच. जावेला म्हणाले, "गोवऱ्या आण, चूल पेटव."

ती अंगणात उतरली तसे ते बाजेवर उठायला बघायला लागले. उठता येत नव्हतं. डाव्या हातानं बाजेची लाकडं बडवली. "नग! नग! नग!" लाळ गळत होती.

ती मधेच थांबली. मागं वळून मला विचारलं, "अक्का, आज राहू देऊ का? लईच करून राहिलेत."

मी म्हणाले, "ऐकू नगंस त्यांचं. लहान पोराचे नखरे हायत हे. आण तू."

हे माझे शब्द. हे दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

तिनं ढिगाच्या बुडाशी हात घातला, वरच्या गोवऱ्या ओल्या होत्या म्हणून. लगेच हात मागं घेतला. "काहीतरी टोचलं," म्हणाली. आधी तिला वाटलं काटकी असेल. मला शेपटी दिसली, हातभर, ढिगातून निघून कुंपणाच्या दगडात जाताना. मी ओरडले, "लांबडं! लांबडं!" शेजारचे धावत आले. मागं ओसरीवर बाज बडवणं थांबलं होतं.

शेजाऱ्याच्या जीपमधून देगलूरला नेलं. वाटेत ती माझ्याशी नीट बोलत होती. चूल पेटवायची राहिली म्हणाली. मी तिला म्हणाले, गप पड.

देगलूरच्या डॉक्टरनं जमेल ते केलं आणि श्वासाचं यंत्र लागेल म्हणून नांदेडला पाठवलं. अॅम्ब्युलन्समध्ये मी तिच्या डोक्याशी बसले होते. पापण्या आता बोटानंही वर राहत नव्हत्या. जीभ जड झाली होती. दीड वर्ष ज्या तऱ्हेचं बोलणं मी घरात ऐकत आले, तसंच ती बोलायला लागली. नुसती अक्षरं. वाटेतलं नरसी गाव मागं पडलं तेव्हा तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "म." मग दम घेऊन, "ल."

मी वाकले. "मला? मला काय?"

तिनं मान हलवली का गाडी हलली, मला सांगता येणार नाही.

"मुलगी? मुलीला बोलवू?"

"म... ल."

"मालक? मळमळतंय? माळ? मेले म्हणतीस का? कोण मरायला लागलंय, गप."

सोबत बसलेला माणूस म्हणाला, "आजी, त्यांना बोलायला लावू नका, दम लागतोय." मी गप्प बसले. नंतर नांदेडला तिच्या तोंडात नळी घातली आणि अक्षरंही बंद झाली.

तिची मुलगी त्या दुपारी आली. काचेबाहेर उभी राहून तिनं मला विचारलं, "मोठी आई, आई काही बोलली का माझ्याबद्दल?" मला सांगता आलं असतं, की हो, तुझंच नाव घेतलं. तिला बरं वाटलं असतं. मी तिला दोन अक्षरं सांगितली. म आणि ल. म्हणाले, मला शब्द सापडला नाही, तुला सापडतो का बघ. ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की मला तिथून उठावं लागलं.

ती अजूनही फोन करते. इकडचं तिकडचं विचारते आणि मधेच म्हणते, "मोठी आई, 'मावशीला' असंल का?" मी म्हणते, असेल. "का 'मुलाला'? पण तिला मुलगा कुठं होता." मी म्हणते, असेल. माझी स्वतःची यादी यापेक्षा मोठी आहे. भांडी घासताना, कापूस निवडताना शब्द येतात आणि मी ते तिच्या तोंडात घालून बघते. मळा. मूल. माळ. मोकळं. लुगड्याची घडी घालताना मलमल आठवली. कुठलाच बसत नाही आणि सगळेच बसतात. त्या लातूरच्या बाईनं सांगितलं होतं, की आपल्या मनातलं त्यांच्या तोंडी घालू नका. जिवंत माणूस मान हलवून नाही म्हणतं. हिचं तसं नाही.

नांदेडहून मी घरी आले तेव्हा मालक बाजेवर तसेच होते, शेजारणीनं खाऊ घातलं होतं. मी समोर बसले. मी फळीवरचा तक्ता काढला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बोट लावलं नाही. मग मीच 'न'वर बोट ठेवलं, 'ग'वर ठेवलं, आणि म्हणाले, "नाग. तुम्हाला नाग दिसला व्हता. तुम्ही दोन दिवस सांगितलं. मला आता कळलं."

सासऱ्याचं नाव मी असं त्याच्या मुलाच्या तोंडावर घेतलं. काही झालं नाही. आढं कोसळलं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं, डाव्या हातानं पांघरूण ओढलं, आणि त्या दिवसापासून तक्त्याला हात लावलेला नाही. मुलानं लातूरला न्यायचं म्हटलं, त्या बाईकडं पुन्हा शिकवू म्हटलं. त्याला ते म्हणाले, "नग."

तेवढाच एक शब्द उरला आहे. दिवसात दहा वेळा येतो. भाकरी नको असते तेव्हाही तोच, दार लावून घे म्हणायचं असतं तेव्हाही तोच. मला फरक कळत नाही. कळला असं एकदा वाटलं होतं, तेव्हाचं सांगून झालं आहे. आता त्यांनी नग म्हटलं की मी हातातलं ठेवते, काठी घेते, बाजेखाली बघते, चपला उलट्या करून आपटते, चुलीमागं काठी फिरवते. काही नसतं. मग येऊन विचारते, "जेवता का?" शेजारणी म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. मला भ्रम झालेला नाही. मी दोन्ही अर्थ धरून चालते, एवढंच.

गोवऱ्यांचा ढीग मी जाळून टाकला. पाणी गॅसवर तापवते.

पंचमीला गावातल्या बाया वारुळाला जातात. त्यांनी मला या वर्षीही हाक मारली, "चला हो, नागोबाला." मी गेले नाही. मला राग नाही त्या जनावराचा. ते उंदरामागं आलं असेल, ओल्या गोवऱ्यांखाली गार वाटलं असेल, बसलं असेल. त्याच्या ढिगात हात गेला. तो हात मी घालायला लावला.

त्या सकाळी अंगणात आम्ही तिघं होतो. माझी जाऊ तिसऱ्या दिवशी दुपारी नांदेडच्या दवाखान्यात वारली. मी आणि माझा नवरा जिवंत आहोत.